वंशावळीच्या नोंदींतील लघुरूपे: वाचावीत कशी, उलगडावीत कशी

अमेरिकेच्या १९०० सालच्या जनगणनेचे एखादे पान उघडले, तर कुटुंबप्रमुखाच्या एकाच ओळीत ‘एम’ हे अक्षर तीन वेळा आढळू शकते. लिंगाच्या रकान्यात त्याचा अर्थ पुरुष, वैवाहिक स्थितीच्या रकान्यात विवाहित, आणि मालमत्तेच्या रकान्यात घर गहाण असल्याची खूण. त्याच पानावर ‘एफ’ हे अक्षर एका ठिकाणी स्त्री दाखवते, दुसऱ्या ठिकाणी गहाणमुक्त मालमत्ता, तर अगदी लगतच्या रकान्यात शेत. हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की लघुरूपांची यादी पाठ करून काम भागणार नाही हे पटते. यादी जवळ असावीच. पण ती उघडण्यापूर्वी हे अक्षर कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि पानावर नेमके कोठे लिहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. या लेखात तीच रीत क्रमाने मांडली आहे. उदाहरणे मुख्यतः इंग्रजी, लॅटिन आणि जर्मन नोंदींतील आहेत, कारण वंशावळ-संशोधनात आज जगभर रूढ असलेली बहुतेक लघुरूपे त्या भाषांतूनच आली आहेत. रोमन अक्षरे येथे त्यांच्या उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

पहिली पायरी: जसे आहे तसे उतरवणे

नोंद समोर आली की तिचा अर्थ लावण्याचा मोह होतो, आणि चुकीचा पाया बहुधा याच क्षणी घातला जातो. म्हणून प्रथम नोंद अक्षरशः उतरवून घ्यावी. मूळ कागदावर नाव तोडून लिहिले असेल तर तोडूनच लिहावे, शेवटचे अक्षर ओळीच्या वर लहान आकारात काढले असेल तर तेही तसेच दाखवावे, आणि मुळातील चुकीचे स्पेलिंग सुधारू नये. आपण केलेला उलगडा चौकोनी कंसात द्यावा आणि त्याबद्दल शंका असल्यास त्याच कंसात प्रश्नचिन्ह टाकावे. असे केले की वर्षभराने दुसरा पुरावा हाती आल्यावर मूळ कागदावर काय होते आणि आपण काय मानले होते, हे वेगळे करता येते. उतारा आणि उलगडा एकत्र कालवलेला असेल, तर ती सोय कायमची जाते.

दुसरी पायरी: लिहिणारा हात ओळखणे

लघुरूपे चार वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली असतात. पहिला हात घटनेच्या वेळी नोंद करणाऱ्या धर्मगुरूचा, कारकुनाचा किंवा जनगणना अधिकाऱ्याचा. दुसरा हात नंतरच्या काळात वंशावळ संकलित करणाऱ्याचा. तिसरा अभिलेखागाराचा, म्हणजे कागदाला क्रमांक देऊन तो जपणाऱ्या संस्थेचा. चौथा आजच्या संगणकप्रणालीचा किंवा डीएनए चाचणीच्या प्रयोगशाळेचा. एकच अक्षर या चौघांच्या हातून निरनिराळे अर्थ घेऊन उतरते. इंग्रजी नोंदवहीतील ‘डी’ म्हणजे मृत्यू किंवा मुलगी. मृत्युपत्रातील रकमेपुढचा ‘डी’ म्हणजे जुना ब्रिटिश पेनी, कारण ते अक्षर ‘डेनारियस’ या रोमन नाण्याच्या नावावरून आले. आणि वयाच्या रकान्यातील ‘डी’ म्हणजे दिवस. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत वारलेल्या बाळाच्या नोंदीत हा शेवटचा अर्थ ध्यानात आला नाही, तर तीन दिवसांचे बाळ तीन वर्षांचे होऊन बसते.

जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू आणि दफन

‘बी’ म्हणजे जन्म, ‘एम’ म्हणजे विवाह, ‘डी’ म्हणजे मृत्यू आणि ‘बर’ म्हणजे दफन, ही लघुरूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. खरा घोटाळा बाप्तिस्म्याच्या नोंदीत होतो. ‘बीपी’, ‘बॅप’ किंवा ‘बॅप्ट’, तसेच ‘सीएचआर’, ही सर्व बाप्तिस्म्याची किंवा नामकरणविधीची रूपे आहेत. जुन्या नोंदवह्यांत बहुधा बाप्तिस्म्याचीच तारीख मिळते. ती जन्मतारीख म्हणून वंशावळीत चढवणे योग्य नाही, कारण दोहोंत काही दिवसांपासून अनेक वर्षांपर्यंत अंतर असू शकते, आणि कधी कधी एका घरातील तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला असतो. नुसता ‘सी’ तर अधिकच फसवा आहे. संकलकांच्या लेखनात तो ‘सर्का’ म्हणजे ‘सुमारे’ या अर्थाने येतो, पण काही संकलक तोच बाप्तिस्म्यासाठी वापरतात. यावर एक साधी कसोटी आहे. ‘सी’पुढे नुसते वर्ष असेल तर ‘सुमारे’ हा अर्थ संभवतो. पुढे दिवस, महिना आणि वर्ष असे तिन्ही असतील तर तो बाप्तिस्मा असण्याची शक्यता अधिक, कारण नेमका दिवस ठाऊक असणारा माणूस सहसा ‘सुमारे’ असे लिहीत नाही.

इंग्लंडमधील विवाहनोंदवह्यांत ‘बी’चा अर्थ अविवाहित पुरुष, ‘एस’चा अविवाहित स्त्री आणि ‘डब्ल्यू’चा विधुर किंवा विधवा असा होतो. तेथेच ‘ओटीपी’ हे रूप भेटते; त्याचा अर्थ ‘या पॅरिशमधील’, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत राहणारा. या शब्दांवरून अनेक जण वधू किंवा वर त्याच गावात जन्मल्याचे गृहीत धरतात. वास्तविक त्यातून फक्त विवाहाच्या वेळचे वास्तव्य कळते. ‘बीटी’ म्हणजे बिशपकडे दरवर्षी पाठवली जाणारी नोंदवहीची प्रत. इंग्लंडमध्ये ती १५९८ पासून पाठवली जाऊ लागली. मूळ नोंदवही फाटली किंवा हरवली असेल तेव्हा हीच प्रत आधार ठरते, आणि दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही पाहाव्यात, कारण नक्कल करताना नावे गळतात आणि क्वचित मुळात नसलेला तपशीलही येतो.

जर्मन भाषिक प्रदेशांतील वंशावळींत अक्षरांऐवजी चिन्हे येतात. तारका म्हणजे जन्म, नागमोडी रेघ म्हणजे बाप्तिस्मा, एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळे म्हणजे विवाह, क्रूस म्हणजे मृत्यू आणि आडवा चौकोन म्हणजे दफन. वर्तुळांच्या मधून उभी रेघ गेली असेल तर तो घटस्फोट. जर्मनमधील ‘गेब’ हे रूप दोन कामे करते: तारखेपूर्वी आले तर ‘जन्म’, आणि स्त्रीच्या नावानंतर दुसऱ्या आडनावापूर्वी आले तर तिचे माहेरचे आडनाव. स्कॅन्डिनेव्हियन नोंदींतील ‘एफ’चा स्त्रीशी किंवा वडिलांशी संबंध नसतो, तेथे तारखेपूर्वीचा ‘एफ’ म्हणजे जन्म आणि ‘जी’ म्हणजे विवाहित.

लॅटिनचा वारसा: वारसाहक्काची लघुरूपे

या भागावर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण येथील एकेका अक्षराने वंशाची एक अख्खी शाखा तुटते किंवा जोडली जाते. ‘डीएसपी’ म्हणजे ‘संतती न होता मृत्यू’. नुसते ‘एसपी’ लिहिले तरी ‘निःसंतान’ हाच अर्थ. त्यात ‘एम’ वाढला आणि ‘डीएसपीएम’ झाले, की अर्थ बदलून ‘पुत्रसंतती न होता मृत्यू’ असा होतो, म्हणजे मुली असू शकतात. ‘डीएसपीएल’ म्हणजे ‘औरस संततीविना’, म्हणजे अनौरस मुले असू शकतात. आणि शेवटी आणखी एक ‘एस’ येऊन ‘डीएसपीएस’ झाले, तर ‘मागे हयात संतती न ठेवता मृत्यू’. अशा माणसाला मुले झाली असतील, पण ती त्याच्याआधी गेली. ज्या माणसापुढे ‘डीएसपी’ लिहिले आहे त्याच्या वंशजांचा शोध सोडून देण्यापूर्वी हे फरक तपासलेच पाहिजेत. शिवाय जमीनदार घराण्यांच्या वंशावळी वारसा ठरवण्यासाठी लिहिल्या जात, त्यामुळे संकलकाने ‘डीएसपी’ सैलपणे वापरलेले असू शकते. मुली सासरी गेल्या आणि पुरुषवारस उरला नाही, एवढाच त्याच्या मनातील अर्थ असू शकतो.

‘डीव्हीपी’ म्हणजे ‘वडिलांच्या हयातीत मृत्यू’ आणि ‘डीव्हीएम’ म्हणजे ‘आईच्या हयातीत मृत्यू’. हे वाचून निःसंतान असल्याचा निष्कर्ष काढू नये. मुलगा बापाआधी गेला म्हणून मालमत्ता थेट नातवाकडे आली, असे अनेक घराण्यांत घडले आहे, आणि ते स्पष्ट करण्यासाठीच हे लघुरूप लिहिलेले असते. मृत्युपत्रात एखाद्या मुलाचे नाव नसणे आणि वंशावळीत त्याच्यापुढे ‘डीव्हीपी’ असणे, या दोन गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात.

‘ओबी’ म्हणजे ‘मृत्यू पावला’ आणि ‘एट’ म्हणजे वय. थडग्यावरील लॅटिन मजकुरात कधी ‘वयाच्या ४५ व्या वर्षी’ असा शब्दप्रयोग असतो. काटेकोरपणे त्याचा अर्थ ४४ वर्षे पूर्ण झाली होती असा आहे. कोरणाऱ्यांनी हा काटेकोरपणा नेहमीच पाळलेला नाही, म्हणून त्यावरून काढलेले जन्मवर्ष एका वर्षाच्या फरकासह नोंदवावे. ‘एट अक्स’ म्हणजे ‘आणि पत्नी’. जमिनीच्या खरेदीखतांत ते वारंवार येते, आणि सूचीत पत्नीचे नाव त्या दोन शब्दांमागे झाकले जाते. मूळ खत उघडल्यावर ते बहुधा सापडते. स्त्रियांची नावे शोधणाऱ्याने सूचीवर कधीच थांबू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तुटक लिहिलेली नावे

कारकुनांनी नावाचे पहिले एक-दोन व्यंजन आणि शेवटचे अक्षर ठेवून मधला भाग गाळण्याची पद्धत पाळली. ‘डब्ल्यू-एम’ म्हणजे विल्यम, ‘टीएचओएस’ म्हणजे थॉमस, ‘सीएचएएस’ म्हणजे चार्ल्स. ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन. त्याला जोनाथन समजण्याची चूक सर्रास होते. ‘जे-ए-एस’ म्हणजे जेम्स आणि ‘जे-ओ-एस’ म्हणजे जोसेफ, पण घाईच्या हस्ताक्षरात मधला ‘ए’ आणि ‘ओ’ सारखाच दिसतो. अशा वेळी त्याच पानावर त्याच लेखकाने ज्या शब्दांत ती अक्षरे नि:संशय लिहिली आहेत ते शब्द शोधून वळणे ताडून पाहावीत. हा एकच उपाय खात्रीचा आहे. ख्रिस्तोफर हे नाव कधी ‘एक्स’ने सुरू होते. ते अक्षर ग्रीक ‘खी’ आहे, आणि ग्रीकमध्ये ‘ख्रिस्त’ शब्दाची सुरुवात त्याने होते. अक्षरावर काढलेली आडवी रेघ बहुधा गाळलेला ‘एम’ किंवा ‘एन’ दाखवते.

नावानंतरचे ‘जूनियर’ आणि ‘सीनियर’ही जपून वाचावेत. जुन्या कागदांत ते पिता-पुत्रच असतील असे नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले, मग ते चुलता-पुतणे असोत वा परस्परांशी असंबंधित, की त्यांना वेगळे करण्यासाठी हे शब्द लावत. आणि थोरला वारल्यावर धाकटाच ‘सीनियर’ होऊन जाई. सतराव्या-अठराव्या शतकातील ‘मिसेस’ हे लघुरूप प्रतिष्ठित अविवाहित स्त्रीलाही लावलेले आढळते. कायद्याच्या जुन्या कागदातील ‘इन्फंट’ म्हणजे तान्हे बाळ नव्हे, तर २१ वर्षांखालील अल्पवयीन व्यक्ती.

नाव ठाऊक नसल्याची लघुरूपे वेगळी आहेत. ‘एनएन’ हे लॅटिनमधून आलेले असून त्याचा अर्थ ‘नाव अज्ञात’. ‘एलएनयू’ म्हणजे आडनाव अज्ञात, ‘एफएनयू’ म्हणजे पहिले नाव अज्ञात. संगणकप्रणाली मात्र ही अक्षरे खरे आडनाव समजून वर्णानुक्रमात लावते, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक स्त्रिया एकाच काल्पनिक घराण्यात जमा होतात. आपल्या प्रणालीत अज्ञात नावासाठी काय टाकायचे ते एकदाच ठरवावे आणि सर्वत्र तेच ठेवावे.

तारखा

‘इन्स्ट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट’ म्हणजे गेला महिना आणि ‘प्रॉक्स’ म्हणजे पुढचा महिना. ५ मार्चच्या वर्तमानपत्रात ‘२८ अल्ट’ला मृत्यू झाल्याचे छापले असेल तर तारीख २८ फेब्रुवारी होते. हा हिशेब अंकाच्या तारखेवरूनच करता येतो, त्यामुळे कात्रण जपताना अंकाची तारीख लिहून ठेवली नाही तर ते कात्रण निम्मे निरुपयोगी होते.

सात या आकड्यापुढे ‘बर’ लिहिलेले दिसले तर तो सप्टेंबर, आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि दहा किंवा ‘एक्स’ म्हणजे डिसेंबर. ही रूपे लॅटिन संख्यानामांवरून आली आहेत. आजच्या क्रमाने सातवा महिना जुलै असला तरी येथे त्याचा संबंध नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या नोंदींत महिन्याला नुसता क्रमांक असतो, आणि इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वीच्या त्यांच्या गणनेत पहिला महिना मार्च होता.

१७५२ हे वर्ष ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींच्या नोंदी वाचणाऱ्याने मनावर कोरून ठेवावे. इंग्लंडमध्ये त्यापूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. १७५२ पासून ते १ जानेवारीला आणले गेले, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मानून ११ दिवस वगळले गेले. तारखेपुढील ‘ओएस’ म्हणजे जुनी गणना आणि ‘एनएस’ म्हणजे नवी. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ चा, तर नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा. जानेवारी ते २४ मार्च या काळातील तारखेला ‘१७३१/३२’ असे दुहेरी वर्ष दिलेले आढळते, ते याचमुळे. ही दोन वर्षांमधील संदिग्धता नाही, म्हणून तिचे ‘१७३१ किंवा १७३२’ असे रूपांतर करू नये. दुहेरी वर्ष तसेच ठेवावे.

जनगणना आणि अभिलेखागारांच्या खुणा

इंग्लंडच्या १८४१ सालच्या जनगणनेत लघुरूपांची दाटी आहे. ‘एजी लॅब’ म्हणजे शेतमजूर, ‘एमएस’ म्हणजे पुरुष नोकर, ‘एफएस’ म्हणजे स्त्री नोकर, आणि ‘इंड’ म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा. जन्मस्थानाच्या रकान्यात गावाचे नाव नसते. त्याच परगण्यात जन्म असल्यास ‘वाय’, नसल्यास ‘एन’, आणि परक्या ठिकाणी जन्मलेल्यांसाठी स्कॉटलंडचा ‘एस’, आयर्लंडचा ‘आय’ किंवा परदेशाचा ‘एफ’. त्या जनगणनेत १५ वर्षांवरील वय खालच्या पाचाच्या पटीत लिहिण्याची सूचना होती, त्यामुळे ४० म्हणजे ४० ते ४४ पर्यंत काहीही. कुटुंबप्रमुखाशी नाते सांगणारा रकाना १८४१ मध्ये नाही. तो १८५१ पासून आला. म्हणून एका छताखालची समान आडनावे पाहून आई-बाप आणि मुले असे नाते जोडणे घाईचे ठरते. नावाखाली ‘डीओ’ असेल तर वरचेच आडनाव, पण वरची ओळ नेमकी कोणती, हे पान मोठे करून पाहावे.

अमेरिकेच्या विसाव्या शतकातील जनगणनांत नागरिकत्वाच्या रकान्यात ‘एनए’ म्हणजे नागरिकत्व मिळालेला, ‘पीए’ म्हणजे पहिला अर्ज केलेला आणि ‘एएल’ म्हणजे परकीय. ही दोन अक्षरे पुढची वाट दाखवतात, कारण ‘पीए’ किंवा ‘एनए’ असेल तर नागरिकत्वाची कागदपत्रे कोठेतरी असण्याची दाट शक्यता असते. १९४० च्या जनगणनेत नावापुढे वर्तुळातील ‘एक्स’ आहे का तेही पाहावे. त्या व्यक्तीने घरची माहिती सांगितली, असा त्याचा अर्थ आहे. वयाची किंवा जन्मस्थानाची माहिती कितपत विश्वसनीय, हे ठरवायला याहून उपयुक्त खूण क्वचितच मिळते.

संस्थांची आद्याक्षरे आणि खुणा थोडक्यात सांगता येतील. ‘जीआरओ’ म्हणजे जन्म-विवाह-मृत्यूंची नागरी नोंदणी करणारे कार्यालय. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याच्या सूचीतील ‘मार्च’ हे लघुरूप जानेवारी ते मार्च या तिमाहीचे आहे आणि ते नोंदणीची वेळ सांगते. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असल्याने डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकते. ‘टीएनए’ म्हणजे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार. जुन्या संदर्भांत त्याऐवजी ‘पीआरओ’ दिसेल. तेथील ‘एचओ १०७’ या खुणेखाली १८४१ आणि १८५१ ची जनगणना आहे, आणि ‘आरजी ९’ ते ‘आरजी १४’ म्हणजे अनुक्रमे १८६१ ते १९११ च्या जनगणना. ‘पीसीसी’ म्हणजे कँटरबरीचे धर्मन्यायालय, जेथे १८५८ पर्यंत मृत्युपत्रे सिद्ध होत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे लघुरूप ‘नारा’.

संगणकप्रणाली आणि डीएनए चाचणी

निरनिराळ्या प्रणालींत वंशावळीची देवाणघेवाण व्हावी म्हणून १९८४ मध्ये ‘जेडकॉम’ ही फाइलरचना तयार झाली. तिच्यात तारखेपूर्वीची तीन लघुरूपे काळजीपूर्वक वेगळी ठेवली पाहिजेत. ‘एबीटी’ म्हणजे साधारण, ‘सीएएल’ म्हणजे दुसऱ्या माहितीवरून, उदाहरणार्थ मृत्यूच्या वेळच्या वयावरून, गणित करून काढलेली, आणि ‘ईएसटी’ म्हणजे अंदाजाने धरलेली. गणिताने काढलेल्या तारखेमागे पुरावा असतो, अंदाजामागे केवळ तर्क. ‘बीईटी’ म्हणजे दोन तारखांच्या दरम्यान केव्हातरी एकदा. ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ म्हणजे त्या संपूर्ण काळात. विवाहाला पहिले योग्य, नोकरीला किंवा वास्तव्याला दुसरे.

डीएनए चाचणीच्या अहवालात ‘सीएम’ म्हणजे सेंटिमॉर्गन. हे सेंटिमीटरप्रमाणे लांबीचे माप नसून जनुकीय अंतराचे एकक आहे. त्याचे नाव थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञावरून पडले. आकडा जितका मोठा, तितके नाते जवळचे. ‘एमआरसीए’ म्हणजे दोघांचा सर्वांत अलीकडचा समान पूर्वज, ‘वाय’ चाचणी पित्याकडून पुत्राकडे जाणारी रेषा दाखवते आणि ‘एमटी’ चाचणी आईकडून आलेली. ‘एनपीई’ म्हणजे कागदावरील पिता आणि जैविक पिता वेगळे असल्याचे दिसणे. त्यामागे दत्तकविधान, पुनर्विवाह, नाव बदलणे अशी अनेक कारणे असू शकतात, म्हणून हयात नातेवाइकांसमोर ही अक्षरे उच्चारण्यापूर्वी पुरावा पुन्हा तपासावा आणि त्यांच्या भावनांचा विचार करावा.

याच अहवालांत ‘१सी१आर’ अशी नाती येतात. ‘१सी’ म्हणजे आजी-आजोबा समान असलेले भावंड, ‘२सी’ म्हणजे पणजी-पणजोबा समान असलेले, आणि ‘१आर’ म्हणजे एका पिढीचा फरक. त्यामुळे ‘१सी१आर’ म्हणजे आपल्या आईवडिलांचे चुलत-मामे भावंड किंवा आपल्या चुलत-मामे भावंडाचे अपत्य, दोन्हींपैकी काहीही. मराठीत चुलत, आते, मामे आणि मावस असे चार शब्द आहेत आणि त्यांतून रेषा वडिलांकडून आली की आईकडून, भावाकडून की बहिणीकडून, हे लगेच कळते. ‘१सी’ लिहिताच ही सर्व माहिती पुसली जाते. म्हणून इंग्रजी प्रणाली वापरत असलात तरी टिपणाच्या जागेत मराठी नाते पूर्ण शब्दांत लिहावे.

आणि पूर्ण शब्दांत, हे स्वतःच्या वहीलाही लागू आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना घाईने लिहिलेला ‘मा.’ नंतर मामा, मामी, मावशी किंवा माननीय यांपैकी काहीही वाटू शकतो, ‘आ.’ म्हणजे आई, आजी, आजोबा की आत्या, आणि ‘भा.’ म्हणजे भाऊ, भावजय, भाची की भाचा, हे दहा वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर आपण वापरत असलेल्या प्रत्येक लघुरूपाचा अर्थ आणि ते वापरायला सुरुवात केल्याची तारीख लिहावी, आणि ज्याचे दोन अर्थ संभवतात ते लघुरूप त्याच दिवशी खोडून टाकावे.